'शझॅम!'मधल्या शेवटच्या जेवणाला रडू का येतं?

प्रश्न असा आला आहे: "मुलाच्या वाढदिवसाला घरी 'शझॅम!' लावला होता. तसा पोरकटच सिनेमा, विनोदही शाळकरी. पण शेवटी ती सगळी पोरं जेवायला बसतात तिथे मी आणि बायको, दोघांच्याही डोळ्यांत पाणी. जगबिग वाचवणारे मोठमोठे सुपरहिरो बघून असं कधी होत नाही. या हलक्याफुलक्या सिनेमात एवढं आहे तरी काय? तुम्ही नाशिकमध्ये इतकी वर्षं मुलांची नाटकं बसवता, म्हणून विचारतोय."

आधी कबुली देते. २०१९ च्या एप्रिलमध्ये हा सिनेमा लागला तेव्हा मी भाचरांना सोबत म्हणून गेले होते. लाल कपडे, छातीवर चमकणारी वीज, पाठीवर पांढरं उपरणं आणि तोंडात च्युइंगगमचा फुगा, असा एक दांडगा माणूस पोस्टरवर बघितला आणि दोन तास एसीत झोप काढायची असं ठरवूनच आत शिरले. बाहेर पडताना पार्किंगची पावती सापडेना. रुमाल काढताना ती खुर्चीखाली पडली होती. तेव्हापासून उन्हाळी शिबिरात संहितेची बांधणी शिकवायची वेळ आली की मी याच सिनेमाची चिरफाड करते. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. फिलाडेल्फिया शहर. बिली बॅटसन, वय चौदा. लहानपणी जत्रेच्या गर्दीत आईचा हात सुटला, तेव्हापासून तो तिला शोधतोय आणि सरकार ज्या ज्या घरी ठेवेल तिथून पळून जातोय. शेवटी तो व्हिक्टर आणि रोझा या जोडप्याकडे येतो. त्यांच्याकडे अशी पाच पोरं आधीच आहेत. मग एक म्हातारा जादूगार त्याला शक्ती देतो. 'शझॅम' म्हटलं की वीज कडाडते आणि चौदा वर्षांच्या पोराचा तिशीतला धिप्पाड वीर होतो. पुन्हा म्हटलं की पुन्हा पोरगा. समोर खलनायक डॉ. सिवाना. दिग्दर्शक डेव्हिड सँडबर्ग, याआधी भुताचे सिनेमे करणारा. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता तुमचा प्रश्न. "पोरकट सिनेमा, पण..." असं तुम्ही लिहिलं आहे. माझं म्हणणं एवढंच की त्यातला 'पण' काढून टाका. तुम्ही जिथे हसलात तिथेच तुमच्या रडण्याची सोय झाली होती.

बिलीकडे नीट बघा. पहिल्या प्रवेशात तो पोलिसांना खोटी खबर देऊन बोलावतो, त्यांना एका दुकानात कोंडतो आणि त्यांच्या गाडीतल्या कॉम्प्युटरवर आईचा पत्ता शोधतो. वहीत बॅटसन आडनावाच्या बायकांची यादी आहे, एकेक नाव खोडत चाललाय. कोणाकडे काही मागायचं नाही, कोणावर विश्वास टाकायचा नाही, सामान कायम बांधलेलं. हे चौदा वर्षांचं पोर नाहीच, चाळिशीतला दमलेला माणूस आहे. आणि तोच जेव्हा खरोखर मोठ्या माणसाच्या अंगात शिरतो तेव्हा काय करतो? पहिल्यांदा बिअर विकत घेतो, घोट घेऊन थुंकून टाकतो आणि त्याऐवजी चिप्स-चॉकलेटं घेऊन बाहेर येतो. मित्राबरोबर शाळा बुडवतो. बोटांतून विजा सोडून रस्त्यावरच्या लोकांकडून पैसे मिळवतो. म्हणजे पोराच्या अंगात म्हातारा आणि बाप्याच्या अंगात पोर. बालपण हुकलेल्या मुलाला ते परत मिळतं, आणि तेही मोठ्या माणसाच्या वेषात.

काही समीक्षकांनी तक्रार केली की लहान बिली झालेला ॲशर एंजल आणि वीर झालेला झॅकरी लिव्हाय हे एकाच मुलाचे दोन अवतार वाटत नाहीत, लहान गंभीर आणि मोठा उंडारलेला. तक्रार चुकीची नाही. दोघांचा सूर खरंच जुळत नाही. पण माझ्या मते तो जुळला असता तर सिनेमाच संपला असता.

हे मी इतक्या ठामपणे सांगते त्याला कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी नाशिकमधल्या एका निवासी संस्थेतल्या मुलांचं नाटक बसवत होते. त्यात अकरा वर्षांचा एक मुलगा होता. तालमीला सगळ्यांच्या आधी हजर. सतरंज्या अंथरणार, चपला ओळीत लावणार, लहान मुलांना पाणी देणार, बिस्किटाचे पुडे मोजून ठेवणार. मला वाटायचं, केवढं समजूतदार पोर! तिथल्या ताई म्हणाल्या, "समजूतदार नाही हो, सावध आहे." त्याला मी आजोबांची भूमिका दिली. कापसाच्या मिशा, धोतर, काठी. मिशा चिकटवल्या आणि दोन मिनिटांत गडी बदलला. काठीने सगळ्यांना डिवचायला लागला, प्रॉम्प्टरच्या डोक्यावर टपली मारली, विंगेत जाऊन ओरडला. तालीम पार मोडली. आणि मी ती मोडू दिली, कारण त्या पोराला मस्ती करताना आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. मिशा काढल्या की पुन्हा चपला ओळीत. त्यामुळे सिनेमात बिलीने बिअर थुंकली तेव्हा सगळं थिएटर हसलं आणि मला तो कापूस आठवला.

तंत्राची एक गोष्ट सांगते, कारण तुम्ही विचारलं आहे की 'काय आहे'. प्रेक्षक हसतो तेव्हा तो सैल पडतो. हाताची घडी सुटते, पाठ खुर्चीला टेकते. सायखेडकर नाट्यगृहात विंगेत उभं राहून मी हे शेकडो वेळा बघितलंय. हशा ओसरतो त्या क्षणी जे वाक्य पडतं ते थेट आत जातं, कारण दारावर पहारा नसतो. नवखे लेखक नेमकं उलटं करतात. आधी करुण वाक्य, मग तणाव हलका करायला विनोद. त्याने दोन्हीचा चोथा होतो. 'शझॅम!'मध्ये हा क्रम बऱ्याच ठिकाणी अचूक सांभाळला आहे. डार्ला म्हणून जी सर्वांत धाकटी बहीण आहे, अखंड बडबडणारी, येईल त्याला मिठी मारणारी, तिच्यावर आपण हसत असतो. आणि त्याच हसण्यात बिली तिला तोडून सांगतो की तू काही माझी खरी बहीण नाहीस. पोरगी गप्प. आपण अजून हसतच असतो आणि हसू चेहऱ्यावर अडकतं.

आता तुमच्या जेवणाच्या टेबलापर्यंत जायचं तर जत्रेतून जावं लागेल, आणि जत्रेची गोष्ट नाशिककरांना मी काय सांगायची! हिंदी सिनेमाने 'कुंभात हरवलेले भाऊ' हा विनोद करून ठेवलाय आणि दर बारा वर्षांनी पाहुणेरावळे तो आपल्याला नव्याने ऐकवतात. त्या साच्यात नियम पक्का असतो. गर्दीत हात सुटतो, वर्षं जातात, मग एखादं लॉकेट, जन्मखूण किंवा आईने शिकवलेलं गाणं, आणि रक्त रक्ताला ओळखतं. 'शझॅम!' अगदी त्याच साच्यातून सुरू होतो. जत्रेत आईने खेळाच्या स्टॉलवर बिलीला वाघ जिंकून द्यायचा प्रयत्न केला, तो हुकला, बक्षीस म्हणून एक छोटंसं होकायंत्र मिळालं. रस्ता चुकू नये म्हणून. तेच त्याचं लॉकेट. अनेक वर्षं त्याने ते जपलं आहे.

आणि मग आई सापडते. एका इमारतीत, अर्धवट उघडलेल्या दारात, आतून कुणा पुरुषाचा आवाज येतोय. ती सांगते, त्या दिवशी तू हरवला नव्हतास. म्हणजे हरवला होतास, पण पोलिसांजवळ उभा दिसलास मला. ते तुला माझ्यापेक्षा बरं सांभाळतील असं वाटलं आणि मी निघून गेले. बिली ते होकायंत्र तिच्या हातात देतो, आणि तिला ते आठवतसुद्धा नाही.

हा प्रवेश लिहिणाऱ्याला मी हात जोडते. यात विनोद नाही, संगीताचा पूर नाही, आईला राक्षसीणही केलेलं नाही. ती स्वतःच पोरवयात एकटी पडलेली बाई आहे. खूण आहे पण ओळख नाही. पन्नास वर्षांचा हरवले-सापडलेचा साचा या एका "हे काय आहे?"ने मोडला. सुपरहिरो सिनेमातला सर्वांत जोराचा ठोसा मला विचाराल तर हाच.

२०१५ च्या सिंहस्थात मी एक दिवस ओळखीच्या स्वयंसेवकांबरोबर हरवलेल्या माणसांच्या मदत केंद्राशी बसले होते. कर्ण्यावरून नावं पुकारली जात होती. परजिल्ह्यातल्या एक आजी आल्या, सोबतची मंडळी चुकलेली. स्वयंसेवकाने विचारलं, "आजी, तुमच्या घरचं कोण आहे बरोबर? कुणाचं नाव पुकारू?" आजींनी नाव सांगितलं. त्याने विचारलं, "सून का?" त्या म्हणाल्या, "नाही रे बाबा, शेजारीण. मुलगा आलाय, पण तो कशाला शोधतोय, तो चहाच्या टपरीवर असंल." अर्ध्या तासात शेजारीण धापा टाकत आली आणि आधी आजींना चांगलं झापलं. त्या झापण्यावरून कुणालाही कळलं असतं की घरचं माणूस कोण.

आपल्या भाषेत याला फार साधा शब्द आहे, 'मानलेला'. मानलेला भाऊ, मानलेली बहीण. सिनेमातल्या घराला इंग्रजीत 'फॉस्टर' म्हणतात आणि त्याला मराठीत नेमका रुळलेला शब्द नाही. दत्तक म्हणावं तर तसं नाही, कारण दत्तकात कायद्याने मूल तुमचं होतं. इथे घर सांभाळ करतं, पण कागदावर मूल सरकारच्या ताब्यात. आपल्याकडे बालसंगोपन योजनेत काहीसं असं आहे, संस्थेऐवजी मुलाने घरात वाढावं म्हणून. पण सिनेमा समजायला कायद्यापेक्षा 'मानणं' जास्त उपयोगी पडतं. कारण मानणं ही दोन्ही बाजूंनी करायची गोष्ट आहे आणि ती एकाच वेळी होत नाही. एक बाजू आधी मानते आणि दुसरीची वाट बघते.

सिनेमाचा सगळा तणाव या मधल्या काळात आहे. बिली घर निवडतो असं म्हणतात, ते अर्धवट खरं. घराने त्याला पहिल्याच रात्री निवडलंय. त्या पाच पोरांतल्या फ्रेडीने आपल्या खोलीत जागा दिली, डार्लाने मिठी मारली, व्हिक्टर-रोझा स्वतः अशाच परक्या घरांतून वाढलेले असल्याने हा पळून जाणार हे त्यांना ठाऊक आहे, तरी ते दाराला कुलूप लावत नाहीत. उशीर करतोय तो बिली. तुम्ही-मी प्रेक्षक म्हणून दोन तास मनातल्या मनात म्हणत असतो, अरे बाबा, बघ की! त्यामुळे शेवटी त्याचं बघणं होतं तेव्हा आपलीच सुटका होते.

मराठी प्रेक्षकाला हे लवकर भिडतं असं मला वाटतं, कारण आपल्या नाट्यपरंपरेत हा धागा आधीपासून आहे. आपल्याच गावच्या तात्यासाहेब शिरवाडकरांनी १९७० मध्ये 'नटसम्राट' दिलं. पोटच्या पोरांच्या घरांतून बाहेर पडलेल्या गणपतराव बेलवलकरांना शेवटी जवळ करतो तो बूटपॉलिशवाला राजा. एकाचं वय उतरणीला, दुसऱ्याचं चौदा, पण दोघं एकच वस्तू मागत फिरताहेत. फरक एवढाच की शिरवाडकरांना शोकांतिका लिहायची होती, आणि इथे पडद्यावर माणूस लाल चड्डीत उडतोय.

आता खलनायक. सिवानाची गोष्ट १९७४ मध्ये सुरू होते. तोही लहान मुलगा, त्यालाही जादूगाराने बोलावलं, पण परीक्षेत नापास करून हाकलून दिलं. घरी रक्ताचा बाप आणि सख्खा भाऊ, दोघेही त्याला कस्पटासमान वागवणारे. म्हणजे ज्याच्याकडे 'खरं' कुटुंब आहे त्याचं काय झालं ते बघा, आणि ज्याच्याकडे नाही त्याचं बघा. मोठेपणी सिवाना बापाच्या कंपनीच्या बैठकीत राक्षस सोडतो तो प्रवेश सरळ भयपटातला आहे. मघाशी म्हटलं ना, दिग्दर्शक भुताच्या सिनेमांतून आलेला. लहान मुलं तिथे घाबरतात, पालक कुरकुरतात, पण मला तो हवाच वाटतो. सगळं गोडगोड असतं तर घराची ऊब कशाशी ताडून बघणार?

आणि आता तो क्षण, जिथे ही सगळी गणितं एकत्र येतात. शेवटची मारामारी पुन्हा जत्रेतच आहे, हे तुमच्या लक्षात आलं का? जिथे आईचा हात सुटला तशाच दिव्यांत, तशाच स्टॉलांमध्ये. सिवानाला बिलीची शक्ती हवी आहे, एकट्यासाठी. बिलीच्या लक्षात येतं की ती वाटता येते. तो भावंडांना जादूची काठी धरायला लावतो आणि म्हणतो, माझं नाव घ्या. पोरं जीव खाऊन ओरडतात, "बिली!" थिएटर फुटतं. बिली म्हणतो, अरे ते नाव नाही, मी बदलताना घेतो ते! मग 'शझॅम', मग वीज, आणि सहाही जण वीर.

हा वरवर एका ओळीचा विनोद आहे. मी तो शिबिरात तीन-तीन वेळा मागे नेऊन दाखवते. माझं नाव घ्या म्हटल्यावर त्या मुलांच्या तोंडी कोणतं नाव आलं? वीराचं नाही. काल-परवा घरात आलेल्या, त्यांना झिडकारून पळालेल्या त्या पोराचं. जादूच्या दृष्टीने उत्तर चूक, पण घराच्या दृष्टीने तेच बरोबर. हशा आणि आवंढा एकाच अक्षरावर. असं वाक्य लिहायला मी अजून शिकतेय.

हे 'वीरांचं कुटुंब' सिनेमावाल्यांनी हवेतून आणलेलं नाही. हे कॉमिक्समधलं पात्र १९४० चं, तेव्हा त्याचं नाव 'कॅप्टन मार्व्हल' होतं, बिल पार्कर आणि सी. सी. बेक यांनी घडवलेलं. घरातल्या पोरांपैकी फ्रेडी आणि मेरी ही पात्रं चाळीसच्या दशकातच त्याला येऊन मिळाली. सुपरमॅनच्या प्रकाशकांनी नक्कल केल्याचा दावा लावला, १९५३ मध्ये प्रकाशन बंद पडलं आणि पुढे ज्यांनी दावा लावला त्यांच्याच घरात हे पात्र राहायला गेलं. मानलेल्या घराची गोष्ट सांगणाऱ्या पात्राचं नशीबही तसंच! आजचं गजबजलेलं घर कॉमिक्समध्ये रुळलं ते २०१२ च्या सुमारास, जेफ जॉन्स आणि गॅरी फ्रँक यांच्या मांडणीत.

सगळंच छान आहे असं नाही. सात पापांचे सात राक्षस एकमेकांपासून ओळखू येत नाहीत, सगळे एकाच करड्या चिखलाचे. शेवटची मारामारी पंधरा मिनिटं कमी चालली असती. पेद्रो आणि युजीन या भावांच्या वाट्याला धड दोन-दोन प्रवेशही नाहीत. आमच्या बालनाट्यात एवढी पात्रं रिकामी उभी ठेवली असती तर पालकांनी मला गाठलं असतं.

आणि कुणी म्हणेल, मानलेलं कुटुंब अधिक विनोद, झालं सूत्र तयार. तसं असतं तर २०२३ चा दुसरा भाग चालायला हवा होता. तेच दिग्दर्शक, तेच घर, तीच पोरं, वर हेलन मिरेनसारखी नावाजलेली अभिनेत्री. पहिल्याने सुमारे १० कोटी डॉलरच्या खर्चात जगभर ३६ कोटींच्या वर कमावले, दुसरा त्याहून महाग असून साधारण १३ कोटींवर थांबला. धंद्याची कारणं वेगळी असतील, मी संहितेपुरतं बोलते. दुसऱ्या भागात बिली अठराचा होणार, मग सरकारी मदत बंद, आपल्याला या घरात जागा उरेल का, ही भीती त्याला आहे. विषय पहिल्याइतकाच सोन्यासारखा! पण तो दोन-चार प्रवेशांत उरकून सिनेमा देवकन्या आणि ड्रॅगन यांच्या मागे धावतो. विनोद एकीकडे, भीती दुसरीकडे, ड्रॅगन तिसरीकडे. पहिल्या भागात त्या वेगळ्या वस्तू नव्हत्या.

तर तुमचं टेबल. पहिल्या रात्री जेवणाआधी व्हिक्टर हाक देतो आणि सगळे टेबलाच्या मध्यभागी हात ठेवतात. बिली ठेवत नाही. कॅमेरा त्यावर रेंगाळत नाही, कुणी त्याला आग्रहही करत नाही, जेवण सुरू होतं. आपण ते विसरून जातो. विसरतो असं वाटतं. मध्ये तासाहून जास्त वेळ विजा कडाडतात, बस पुलावरून लोंबकळते, आई सापडते आणि हरवते. मग पुन्हा तेच टेबल, तीच हाक, आणि या वेळी बिलीचा हात. संवाद नाही. म्हणून तिथे रडू येतं. तुम्ही पहिल्या रात्रीपासून त्या हाताची वाट बघत होतात, फक्त तुम्हाला कुणी तसं सांगितलं नव्हतं.

मुलाबरोबर पुन्हा बघणार असाल तर एक करा. टेबलानंतर शाळेच्या जेवणाच्या सुट्टीचा छोटा प्रवेश आहे. कुबडी घेऊन चालणारा फ्रेडी जेवायला बसलाय, आणि बिली वीराच्या वेषात त्याच्या शेजारी येऊन बसतो, वर एक पाहुणा घेऊन. पाहुण्याचा चेहरा चौकटीत येत नाही, नुसती छातीवरची सुपरमॅनची खूण दिसते, आणि तेवढ्यावर लोक टाळ्या पिटतात. तुम्ही त्या छातीकडे बघू नका. फ्रेडीच्या तोंडातला घास बघा.